आयर्विनला आज किती फूट?

पाऊस लागला की सांगलीत भेटेल त्याला विचारायचा प्रश्न ठरलेला: आयर्विनला किती फूट? 1929 सालचा हा पूल म्हणजे आमची पट्टी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली. हे पाणी येतं कुठून, ते बघायचं तर जुलैत पहाटे पाचला गाडी काढायची आणि ठोसेघर गाठायचं. पेठ नाका, कराड, उंब्रज करत साताऱ्यापर्यंत सव्वाशे किलोमीटर. तिथला बोगदा ओलांडला की आणखी पंचवीसेक, वळणावळणाचे.

यंदा आईला घेऊन गेलो. ठोसेघरला न थांबता आधी थेट वर, चाळकेवाडीच्या सड्यावर. सडा म्हणजे माथ्यावरचं जांभ्याचं उघडं, सपाट पठार. (इथल्याच रंगीत गळ्याच्या सरड्याला शास्त्रज्ञांनी 2016 साली शास्त्रीय नाव दिलं, त्यातही ‘सरडा’ हा आपला शब्द तसाच ठेवला. पण तो उन्हाळ्यातला गडी.) जुलैत तिथं पाच पावलांवरचं माणूस दिसत नाही. डोक्यावर नुसतं घुम्म, घुम्म. मध्येच पवनचक्कीचं एक भलंमोठं पांढरं पातं ढगातून खाली येतं आणि परत वर नाहीसं होतं. आई दोन पावलं मागं सरली. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि ओझं इथंच उतरवतो. पातं फिरवणारा वारा आणि खाली कोसळणारं पाणी, दोन्ही एकाच घरचे.

ठोसेघरच्या गॅलरीत पोचलो तेव्हा समोर फक्त पांढरा पडदा होता आणि आवाज. लोक कंटाळून निघून जातात. तसं करू नये. कणीस घ्यावं, कठड्याला टेकून थांबावं. वीस मिनिटांनी वाऱ्यानं ढग बाजूला सारला आणि दरीपलीकडचा अख्खा कडा उघडा पडला: वरून सुटलेली धार, अर्ध्यात पोचेस्तोवर तिचा झालेला धूर, आणि काळ्या कातळावर आडव्या रेघा.

त्या रेघा नीट बघाव्यात, सगळी गोष्ट त्यांत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, भाकऱ्यांची चवड रचावी तसा. काही थर टणक कातळाचे, काही भुसभुशीत. पाणी मऊ थर पोखरतं, टणक थर पुढं लोंबत राहतो, मग कधीतरी तोही तुटतो. कडा असा उभाच्या उभा राहतो. सिनेमात दिसणारे स्वित्झर्लंडचे धबधबे वेगळे. तिथं दऱ्या हिमनद्यांनी खरवडल्या आणि वितळणारं बर्फ झऱ्यांना पाणी पुरवतं. आपल्याकडं बर्फाचं काम जांभा करतो. भोकं-भोकं असलेला हा दगड पावसाळाभर पाणी पितो आणि मग झिरपत सोडतो, म्हणून दिवाळीनंतरही धार टिकते. चैत्रात मात्र कातळावर नुसता डाग उरतो.

“हे पाणी आपल्याकडं येतं का रे?” आईनं विचारलं. येतं की. ही तारळी. धरणात अडते, सुटली की उंब्रजला कृष्णेला मिळते, कराडला कोयना येते, आणि दोघीतिघी मिळून आपल्या दारात.

कठडा ओलांडून फोटो काढणाऱ्या पोरांना दोन शब्द सुनावून आईनंच गाडीत बसायची घाई केली, कारण दुपारी सज्जनगडावर प्रसाद. समर्थ रामदासांची समाधी इथली, 1682 सालची. पायऱ्यांनी दम लागतो, पण पश्चिमेच्या तटावर उभं राहिलं की श्रम वसूल. खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं, त्यामागं ढगांत बुडालेले डोंगर. मागं वळून पूर्वेकडं बघावं तर आभाळ उघडं, कोरडं. तिकडंच माण-खटाव. उरमोडीचं पाणी उपसून तिकडं न्यावं लागतं, ते का, हे तटावर उभ्या-उभ्या कळतं.

कंदी पेढे घेऊन परत फिरलो. कराडच्या पुढं वायपर बंद केला. पेठ नाक्यावर रस्ता सुका, सांगलीत तर अंगणात धूळ. चपला काढता काढता आईनं शेजाऱ्यांना हाक मारली, “आयर्विनला किती हो?”

“सकाळी सतरा होतं वहिनी. आता एकोणीस.”