घोड्याची शिदोरी

मुलांनो, कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवर जोतिबाचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,१०० फूट असून माथ्यावर वाडी रत्नागिरी हे गाव वसलेले आहे. जोतिबाचे वाहन घोडा. चैत्री पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. तेव्हा सारा डोंगर गुलालाने रंगून जातो आणि उंच सासनकाठ्या नाचू लागतात. या डोंगराच्या शेजारीच इतिहासप्रसिद्ध पन्हाळगड उभा आहे. जोतिबाहून सकाळी घोड्यावरून निघावे, पन्हाळगडावरील सोमाळे तळ्याच्या काठी दुपार घालवावी आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, ही सहल कोणास आवडणार नाही? परंतु तिची आखणी कोठून सुरू करावी, हे मला एका घोडेवाल्याने शिकविले.

काही वर्षांपूर्वी, मी शाळेत शिकवीत असताना, आम्ही हीच सहल ठरविली. मुले आठ आणि घोडी चार. चौघांनी बसावे, चौघांनी चालावे, असा बेत होता. फळ्यावर यादी लिहिली गेली : भाकरी, पिठले, पाण्याच्या बाटल्या, मलमपट्टी, दोरी, सतरंजी. पायथ्याच्या गावचा घोडेवाला भाडे ठरविण्यास आला होता. त्याने यादी वाचून दाखवावयास सांगितली, ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “गुरुजी, पोरांचं समदं लिवलंसा. जनावराचं कुठं लिवलंय?”

फळ्यावर तसे काहीच नव्हते. आम्ही यादी पुसली आणि घोड्यापासून पुन्हा आरंभ केला.

पहिला प्रश्न दिवस कोणता, हा होता. पावसाळ्यात जांभ्या दगडाची वाट निसरडी होते. वैशाखात ऊन सोसवत नाही. यात्रेच्या दिवसांत आणि रविवारी डोंगरावर गर्दी असते. गर्दीत घोडा बिचकण्याचा संभव फार. म्हणून आम्ही मार्गशीर्षातील एक साधा वार निवडला.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ३०० किलोग्रॅम वजनाच्या तट्टाने ६० किलोग्रॅम वाहावे, आणि त्यातच खोगिराचे वजन धरावयाचे. सामानाची गाठोडी म्हणून आम्ही घोड्यांवर न टाकता आपल्या पाठीवर घेतली.

तिसरा प्रश्न वेळेचा. घोडा सपाटीवर कदम चालीने तासाला सुमारे ६ किलोमीटर चालतो. चढउतारावर त्याहून कमी. वाट सुमारे दहा-बारा किलोमीटरांची. मधले विसावे धरून तीन तास लागणार, असा हिशेब निघाला. सकाळी सातला निघून दहाच्या सुमारास तळे गाठावे, तीनला परत फिरावे, म्हणजे सूर्यास्ताच्या आत जोतिबा. निघतानाचा आणि पोहोचतानाचा थोडा रस्ता अगदी सावकाश चालावयाचा. आरंभी अंग मोकळे होते आणि अखेरीस घाम निवतो.

चौथा प्रश्न चारापाण्याचा. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी करता येत नाही. त्यामुळे पोटशूळ उठला, तर तो प्राणावर बेतू शकतो. यासाठी चंदीचा तोबरा निघण्यापूर्वी दोन तास चढवावा. पोटभर चंदीवर लगेच श्रम करवू नयेत. एका घोड्यास दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. आमच्या यादीत म्हणून तोबरे, वाळला चारा आणि दोन मोठ्या बादल्या आल्या.

बसणाऱ्यांसाठीही नियम ठरले. डोक्यास पक्के शिरस्त्राण, पायांत टाचेचे बूट. प्रत्येक घोड्यापाशी लगाम धरणारा जाणता माणूस. दोन घोड्यांत निदान एका घोड्याचे अंतर. घोड्याच्या मागे कोणी उभे राहावयाचे नाही. चढावर अंग किंचित पुढे, उतारावर किंचित मागे.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. निम्म्या वाटेवर एक घोडी अकस्मात थबकली. पुढे पाऊल टाकीना. वर बसलेला विद्यार्थी मोठा उतावळा. त्याने हातातील शिमटी उगारली. घोडेवाल्याने ती वरच्यावर धरली, मुलास उतरविले आणि घोडीचा पुढचा पाय उचलून दाखविला. नालेच्या आत खुराच्या मऊ भागात एक टोकदार खडा रुतला होता. खुराचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखा असतो, म्हणून नाल ठोकताना वेदना होत नाहीत. पण आतला भाग हळवा असतो. खडा निघाला, तरी घोडी किंचित लंगडत होती. कोणी काही सांगण्यापूर्वीच तो विद्यार्थी खाली मान घालून तिच्या शेजारून चालू लागला आणि तळ्यापर्यंत तसाच चालला.

सोमेश्वराच्या मंदिराजवळ, तळ्याच्या काठी पोहोचताच त्यानेच प्रथम बादली उचलली. घोडीचा तंग सैल झाला, घाम निवू लागला, थोडे थोडे पाणी तिला मिळाले. ती चारा खाऊ लागली, तेव्हाच त्याने स्वतःची भाकरी सोडली. परतताना तिच्या पाठीवर कोणीच बसले नाही.

त्या दुपारी मी मुलांना शिवाजी महाराजांच्या एका पत्राची गोष्ट सांगितली. ते पत्र सुमारे १६७३-७४ सालचे असून चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-चारा आताच मनास येईल तसा उधळलात, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजाविले आहे. मग तुम्ही रयतेस उपद्रव द्याल, हेही महाराजांनी ओळखले होते. एवढ्या मोठ्या राज्याचा राजा घोड्याच्या दाण्याचा हिशेब ठेवीत होता, कारण तो हिशेब चुकला, तर त्याचे मोल शेतकऱ्याच्या घरापर्यंत जाऊन वसूल होते.

मुलांनो, घोड्यास वाचा नाही. तहान, थकवा किंवा खुरातील खडा तो शब्दांनी सांगू शकत नाही. तो फक्त थांबतो. त्याचे थांबणे हट्ट म्हणून न पाहता सांगणे म्हणून पाहावे. ज्याच्या पाठीवर आपण बसणार, त्याची शिदोरी आधी बांधावी, आपली मागाहून.