सातबारा नावावर नाही, तरी पत आहे

आंब्याला मोहोर आला की व्यापारी बागेत फेरी मारतो आणि आगाऊ पैसे देऊन जातो. घरात नड असते, म्हणून आपण ते घेतो. मग मे महिन्यात पेटीचा भाव तोच ठरवतो. ही नड बँकेनं भागवावी, असं ज्यांनी आयुष्यभर अभ्यास करून सांगितलं, त्या एका प्राध्यापकांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचं नाव धनंजयराव गाडगीळ. जन्म १९०१ सालचा. ते केंब्रिजला शिकले. भारतातल्या उद्योगांवरचा त्यांचा प्रबंध १९२४ साली पुस्तक होऊन आला. अशा माणसाला मोठ्या शहरात बसून पुस्तकंच लिहिता आली असती. पण १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि ते तिचे संचालक झाले. १९६६ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. संस्थेची माणसं गावोगाव जायची. वाई तालुक्यात शेतकऱ्याच्या घरी बसून शेतीचा खर्च किती, हातात उरतं किती, हे त्यांनी लिहून काढलं. आपण गटाच्या वहीत लिहितो ना, तसंच.

पुढे रिझर्व्ह बँकेनं साऱ्या देशातल्या खेड्यांच्या कर्जाची पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं. ज्या समितीनं तिचा अहवाल १९५४ साली दिला, तिच्यात गाडगीळ होते. त्यात काय निघालं? शेतकऱ्यानं घेतलेल्या १०० रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम ३ रुपये, सरकारचे ३, आणि बँकांचा एक रुपयासुद्धा नाही. सुमारे ७० रुपये सावकाराचे!

समितीनं नुसता आकडा सांगून सोडून दिलं नाही. दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, कर्ज देताना जमिनीची किंमत बघत बसू नका, पिकाला खर्च किती लागतो ते बघा. दुसरी, कर्ज आणि मालाची विक्री एकमेकांना जोडा. माल चांगल्या भावानं विकला गेला तरच हप्ता फिटेल. नाहीतर एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं.

ही गोष्ट गाडगीळांनी करूनही बघितली. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. ऊस शेतकऱ्याचा आणि कारखानाही शेतकऱ्याचा.

१९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारच्या झाल्या. त्याच वर्षी गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं सांगितलं की देशातल्या १०० खेड्यांत मिळून जेमतेम एका खेड्यात बँक आहे. यावर त्यांनी उपाय दिला की एकेका भागाचा आराखडा करून बँका खेड्यांत न्याव्यात, आणि त्यातूनच पुढे प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे आली. हीच अग्रणी बँक. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची अग्रणी बँक आहे बँक ऑफ इंडिया. जिल्ह्यात कुठल्या कामाला किती कर्ज द्यायचं याचा आराखडा दरवर्षी होतो. सगळ्या बँकांना एकत्र बसवून त्याचा हिशोब घ्यायचं काम तिचं. गाडगीळ १९७१ साली गेले. गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डनं १९९२ साली सुरू केलं. ते त्यांनी पाहिलं नाही, पण वाट तीच.

आता आमची गोष्ट. आमच्या एका गटानं कोकम आगळासाठी कर्ज मागितलं. शाखेचं नाव सांगत नाही. तिथं सांगितलं, "गटाच्या बचतीतले ५० हजार मुदत ठेवीत ठेवा, मग बघू." बायका म्हणाल्या, ठेवू या. खरं सांगायचं तर आम्हीही म्हटलं, ठेवून टाका, भांडण कशाला? मग एका ताईंनी विचारलं, "आपलेच पैसे अडकवून आपल्यालाच कर्ज, ही कसली पत?" तेव्हा कुठे आम्ही नियम विचारायला गेलो. उमेद अभियानातल्या गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, ठेवीची अट घालायची नाही, बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. अग्रणी बँकेच्या अधिकाऱ्यांना अर्ज दिला आणि कर्ज मंजूर झालं. पण पैसे हातात आले जूनमध्ये. पाऊस लागला होता, रातांबे गळून गेले होते. त्या वर्षीचा हंगाम गेला तो गेलाच. आम्ही आधीच विचारलं असतं तर तो गेला नसता.

म्हणून मैत्रिणींनो, तीन कामं करा. कोकमाचं कर्ज हवं असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या आणि अर्ज मिळाल्याची पोच घ्या. हप्ते ठरवताना आपला हंगाम सांगा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी विकणाऱ्या ताईंनी मोठा हप्ता कुठून भरायचा? आणि शाखेत अडलं तर निमूट परत येऊ नका. कारण लेखी मागा आणि जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे अर्ज करा.

आपल्यातल्या बहुतेकींच्या नावावर सातबारा नाही. पण गटाची वही आपली आहे, त्यातली वेळेवरची बचत आणि फेड आपली आहे. आपली पत ती हीच. पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा कुठल्या महिन्यात पैसा येतो आणि कुठल्या महिन्यात येत नाही, हेही एका पानावर लिहून ठेवा. बँकेत जाताना ते पान बरोबर न्या.