लिनक्सवर प्रिंटर चालत नाही? नवीन घेण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धरमपेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकता येतं. पण प्रिंटर चाललाच नाही तर दुकान कसं चालणार?

आधी केबल तपासा
प्रिंटर सुरू करून टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग). यादीत प्रिंटरचं नाव नसेल, तर दोष केबल, पोर्ट किंवा प्रिंटरमध्ये आहे. ड्रायव्हर शोधून उपयोग नाही.

नाव दिसतंय, मग पुढे?
लिनक्समध्ये प्रिंटिंगचं काम 'कप्स' ही यंत्रणा बघते. ती १९९९ पासून आहे. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' उघडा, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'अ‍ॅड प्रिंटर' निवडा. पासवर्ड मागितला तर कॉम्प्युटरचाच द्या. बरेच नवे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

जोडला, तरी छापत नाही?
एचपी लेझरजेट १०२० चं उदाहरण घ्या. हा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर साठवून ठेवत नाही. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर कॉम्प्युटरला ते पाठवावं लागतं. म्हणून तो यादीत दिसतो, पण कागद निघत नाही. यासाठी 'एचपीलिप' हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि 'एचपी-प्लगइन' ही कमांड चालवा.

शेवटी टेस्ट पेज काढा. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नाही, आजच.