आकडेवारीच्या आडून (लेखांक ६) : हजारामागे १,०२०

नोव्हेंबर २०२१मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे निष्कर्ष जाहीर झाले आणि ‘देशात प्रथमच पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त’ ही बातमी सगळीकडे झळकली. हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. त्याच तक्त्यात लगेच खालच्या ओळीत आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे गुणोत्तर होते : हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. ती ओळ मथळ्यापर्यंत पोहोचली नाही. मुळात १,०२० आला कसा? हे सर्वेक्षण घरोघरी जाते आणि आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला कोण होते, ते मोजते. वसतिगृहे, छावण्या त्यात येत नाहीत. म्हणजे देवळालीच्या छावणीतला जवान आणि गावी बायको-मुले ठेवून अंबड-सातपूरच्या मजूरवस्तीत राहणारा कामगार आपापल्या गावच्या घरी मोजला जात नाही. जवान तर कुठेच नाही. घरात सापडलेल्या माणसांचे हे गुणोत्तर लोकसंख्येचे म्हणून छापले गेले.

महाराष्ट्राबाबत दोन्ही सूर लावता येत होते. चौथ्या फेरीतून पाचव्या फेरीत एकूण गुणोत्तर ९५२वरून ९६६वर चढले, जन्माचे ९२४वरून ९१३वर उतरले. पहिल्या आकड्यावर गुलाल उधळणे चूक, तसा दुसऱ्यावर गळा काढणेही घाईचे. नमुन्यात दहा हजार जन्म धरले, तरी निव्वळ योगायोगाने हे गुणोत्तर दोन्ही बाजूंना चाळीसएकने हलू शकते. अकराची घसरण खरी असेलही. एवढ्या पुराव्यावर ती सिद्ध होत नाही. जिल्ह्यावर आलो की पाय आणखी खोलात. देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांत मिळून सुमारे ६ लाख ३७ हजार घरे पाहिली गेली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. एवढ्या घरांत पाच वर्षांत तीनशे जन्म झाले असे धरा; मग योगायोगाचा पल्ला दोनशेच्या पुढे जातो. ‘नाशिकमध्ये मुलींचा टक्का घसरला’ आणि ‘वाढला’ हे दोन्ही मथळे अशा तक्त्यातून सारख्याच ऐटीत काढता येतात. सर्वेक्षण करणाऱ्यांना हे ठाऊक असते. पन्नासपेक्षा कमी नोंदींवरचा आकडा ते कंसात टाकतात, पंचवीसपेक्षा कमी असल्या तर आकडाच न देता फुली मारतात. बातमी होताना पहिला बळी जातो तो कंसाचा.

मग नऊशे घरांवरून साठ लाखांच्या जिल्ह्याबद्दल बोलूच नये का? हा आक्षेप नेहमीचा, पण तो फसवा आहे. नमुना नीट निवडला असेल, तर लोकसंख्या किती मोठी, याने फारसे बिघडत नाही. विचारलेला प्रश्न त्या नमुन्याला पेलतो का, ते पाहायचे. देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणे ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेली, हा बदल योगायोगाच्या पल्ल्याबाहेरचा, तो बेलाशक छापावा. बातमीत जागा नसते, ही सबबही टिकत नाही. ‘सुमारे नऊशे घरांच्या पाहणीनुसार’ एवढे चार शब्द मावतात की! शिवाय नाशिकच्या मुलींचा हिशेब हवा असेल, तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नमुना नव्हे, प्रत्यक्ष नोंदी असतात. तिथेही मेख आहेच : पेठ-सुरगाण्याहून शहरात बाळंतपणाला आलेलीचे मूल शहराच्या खात्यात पडते. या नोंदींबद्दल पुढच्या आठवड्यात.