हिंगण्याच्या आश्रमाचा जमाखर्च

धर्मादाय संस्थेचा वार्षिक जमाखर्च हातीं आला म्हणजे बहुतेक लोक शेवटची शिल्लक तेवढी पाहतात. खरें पाहावयाचें तें निराळेंच: जमेंतली कोणती रक्कम पुढल्या वर्षीं पुन्हां येणार, आणि कोणती एकदांच आली. प्रो. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

आरंभीची पुंजी म्हणजे कर्व्यांनीं स्वतःच्या शिलकेंतून घातलेले १००० रुपये. पुढें आपला ५००० रुपयांचा विमाहि त्यांनीं आश्रमाला देऊन टाकला. ऐकावयास हें मोठें उदात्त वाटतें. परंतु ती बायकामुलांच्या उद्यांची तरतूद होती, हें विसरतां कामा नये. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास ६ एकर जमीन व इमारतीसाठीं ७५० रुपये दिले, आणि १९०० सालीं आश्रम तेथील झोपडींत गेला. जागेचा प्रश्न मिटला. पण विधवांच्या अन्नवस्त्राचा खर्च दरमहा ठरलेला. तो जमिनीच्या दानपत्रानें भागत नाहीं. तोंडमिळवणी वर्गणीनेंच व्हावयाची. म्हणून फर्ग्युसन कॉलेजांतील हा गणिताचा प्राध्यापक सुटी लागली कीं गांवोगांव फिरून पैसे गोळा करी. असा पैसा मिळवावयास श्रम फार. पण एक वर्गणीदार रुसला म्हणून संस्था बुडत नाहीं.

१९०८ सालीं निष्काम कर्ममठ निघाला. निर्वाहापुरतें घेऊन आजन्म सेवा करावयाची, असें त्यांतील सेवकांचें व्रत. बाहेर मिळालें असतें तें वेतन आणि हातीं पडणारें वेतन यांतील अंतर ही सुद्धां देणगीच; मात्र ती कोणत्याहि वहींत जमा होत नाहीं.

याच खटाटोपांतून १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें राहिलें आणि १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्याला १५ लक्ष रुपये देऊं केले. साडेतीन टक्क्यांनीं वर्षास ५२,५०० रुपये व्याज! वणवण संपली, पण अटी आल्या: विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव द्यावयाचें, आणि कालांतरानें मुख्य ठाणें मुंबईस न्यावयाचें. शिवाय ठरीव व्याजाचा आंकडा महागाईबरोबर वाढत नसतो. दुसऱ्या महायुद्धांत भाव कडाडले तेव्हां असल्या निधींवर चालणाऱ्या संस्थांना हें चांगलेंच कळलें.

कर्व्यांनीं स्वतः १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवें मंडळ काढलें, आणि त्याच्या वर्गणीसाठीं ते पुन्हां दारोदार फिरूं लागले.