गोष्ट कोण सांगतंय?

भोकरदनच्या एखाद्या दहावीतल्या मुलानं स्वतःसारख्याच मुलाची गोष्ट मराठीत शोधायची ठरवली, तर फास्टर फेणेपासून बोक्या सातबंडेपर्यंत धाडसं त्याला हवी तेवढी सापडतील. बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्रासाठी जीव कासावीस होणं मात्र त्या कपाटात नाही. म्हणून मराठीत असं काही लिहिलंच गेलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं नाही. लिहिलं गेलं, पण मोठ्यांसाठी. मला त्यात कुतूहल वाटतं ते एका गोष्टीचं: दर वेळी सांगणारा कोण होता?

सुरुवात कादंबरीनं झाली नाही, पत्रांनी झाली. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक खासगी शंका विचारायचे आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरोधात गेला, दोनशे रुपये दंड झाला. विचारणाऱ्यांची नावं कुणाला कळली नाहीत, पण ‘मला असं का होतं’ हा प्रश्न मराठीत छापला गेला होता.

मग थेट १९८१. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं आणि रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, उभी केली. कॉलेजातली मुलगी, मुलीवर प्रेम करणारी, आणि काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. तेंडुलकरांचं धैर्य वादातीत आहे. पण ही गोष्ट मित्रा सांगत नाही, बापू सांगतो. तिच्यावर जीव टाकणारा, तिला समजून घेताना धापा टाकणारा भिडस्त वर्गमित्र. प्रेक्षकाला बापूचं बोट धरून तिच्यापर्यंत जावं लागतं. शेवटी ती जगत नाही. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेत नॅन्सी गार्डनची ‘ॲनी ऑन माय माइंड’ ही किशोरांसाठीची कादंबरी आली. तिच्यातल्या दोन मुली शेवटी एकमेकींकडे परततात. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण तेंडुलकरांची बहुतेक माणसं सुखानं नांदत नाहीतच. तरीही त्या वयात कुठला शेवट आधी हाती लागतो, यानं फरक पडतो.

पुढची वीसेक वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. नंतर मात्र तीन वर्षांत तीन पुस्तकं आली. २००४ मध्ये मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. नववीतलं प्रेम किती गंभीर असतं, हे मराठी वाचकानं त्या पुस्तकामुळे मान्य केलं. त्यात मुलाला मुलगी आवडते. लगेच २००५ मध्ये बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आली. खिरे अमेरिकेतून परतलेले, २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक’ संस्था काढलेले. ही एका मुलाची रोजनिशी. इथे बापू नाही, मधला माणूस नाही, मुलगा स्वतः बोलतो. भाषा साधी आहे, कधी कधी माहितीपत्रकाकडे झुकते. समीक्षकांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही, आणि हे मला समीक्षेचंच अपयश वाटतं. माझ्या मते किशोरवयीन वाचकाशी थेट बोलणारं या विषयावरचं मराठी पुस्तक म्हणून तिची नोंद व्हायला हवी होती.

२००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली, आणि तिला प्रतिष्ठा मिळाली. घरातल्या भाडेकरूवर तनयही प्रेम करतो आणि त्याची बहीण अनुजाही. अर्धी कादंबरी त्याची, अर्धी तिची. भाडेकरूला नावच नाही. भाऊ आणि बहीण एकाच माणसाला मुकतात, त्यामुळे त्याचं दुःख तिच्या दुःखाहून वेगळं काढता येत नाही. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये ती इंग्रजीत नेली. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट आला, पण तो हिंदी-इंग्रजीत आणि केरळात घडणारा. मराठी मुलाची मराठी गोष्ट फोनवर आली ती अशी वळसा घालून.

चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात समलिंगी मुलाची आई बोलते. म्हणजे मित्र, स्वतः मुलगा, बहीण, आई, सगळे बोलून झाले. पण कुठून? ‘समपथिक’ पुण्यातली, तनयचं घरही पुण्यातलं. पुणे भोकरदनपासून साधारण तीनशे किलोमीटर. गंमत अशी की हे गाव एके काळी इतकं आडबाजूला नव्हतं. भोगवर्धनच्या, म्हणजे जुन्या भोकरदनच्या, दात्यांची नावं सांची-भारहूतच्या लेखांत आहेत. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, तिचं नातं अभ्यासकांनी पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी जोडलं. मूर्तींचा माल समुद्रापार जाई; पुण्यातलं पातळ पुस्तक मात्र तालुक्यापर्यंत येताना दमतं.

मधल्या काळात समलिंगी संबंधांबाबतचा कायदा पुढे-मागे झाला: २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मध्ये उलटलेला, ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मिळालेला. मराठी साहित्यात तेवढी हालचाल झाली नाही. इंग्रजीत मात्र हिमांजली सांकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ २०१४ मध्येच शाळकरी वाचकासाठी आली होती.

गावाकडचा सूर अखेर लागला तो सिनेमात. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दुखवट्यासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या. माणसं तिशीतली, लग्नाचा तगादा मागे लागलेला, बोली गावची. यातला कुणीही मधल्या माणसाकडून स्वतःची ओळख करवून घेत नाही. अशाच दोघांचं भोकरदन तालुक्यातलं पंधरावं वर्ष लिहायचं, तर तनयसारखी स्वतंत्र खोली मिळणार नाही. एकाच खाटेवर तीन भावंडं, शिकवणीची वही, पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात बापाबरोबर जाणं, आणि सगळ्या घरात मिळून एकच फोन, यातूनच ती कादंबरी काढावी लागेल.