प्रिंटर घरातच आहे, मग सापडत का नाही?

जून महिन्यातली संध्याकाळ. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. "अरे, नातीचे अ‍ॅडमिशनचे कागद उद्या द्यायचेत आणि हा प्रिंटर नुसता ऑफलाइन ऑफलाइन म्हणतोय. काल एक मुलगा बघून गेला, म्हणाला आतलं वायफायचं कार्ड गेलंय, आता नवीनच घ्या." प्रिंटर जेमतेम तीन वर्षांचा. शाई भरलेली, कागद लावलेला. मी विचारलं, "काकू, एवढ्यात घरात काही बदललंय का?" तर चार दिवसांपूर्वी फायबरचं नवं कनेक्शन घेतलं होतं आणि जुना राउटर माळ्यावर गेला होता.

प्रिंटर अजून त्या माळ्यावरच्या राउटरचं नाव शोधत होता. नवं नाव, नवा पासवर्ड त्याला कोणी सांगितलाच नव्हता. मी नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या राउटरसारखा करून टाकला, अगदी अक्षर न् अक्षर, मधल्या रिकाम्या जागेसकट. प्रिंटरवरचा लुकलुकणारा निळा दिवा मिनिटभरात स्थिर झाला आणि कागद बाहेर आले. प्रिंटरच्या सेटिंगला हातसुद्धा लावावा लागला नाही. टीव्ही आणि काकांचा जुना टॅबही आपोआप जोडले गेले. घरात नवा राउटर आला की हा उपाय सगळ्यात आधी करून पाहावा.

काकूंचे आठ-दहा हजार रुपये वाचले, पण अशा चुकीच्या निदानापायी कितीतरी घरांतले चांगले प्रिंटर भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान चुकतं ते काही ठरलेल्या गैरसमजांमुळे. त्यातला सगळ्यात मोठा आधी घेतो.

"नेट बंद आहे, म्हणजे प्रिंट निघणार नाही"

वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटर घरातल्या घरात एक जाळं तयार करतो, ते वायफाय. त्या जाळ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार म्हणजे इंटरनेट. तुम्ही लॅपटॉपवरून प्रिंट दिली की मजकूर लॅपटॉपमधून राउटरकडे आणि राउटरकडून प्रिंटरकडे जातो. तो घराबाहेर पडत नाही. रस्ता खोदताना कोणी फायबर तोडली, दिवसभर नेट नाही, तरी राउटर चालू असेल तर लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवलेला सातबारा छापता येतो. फाइल आधीच उतरवलेली हवी, एवढंच.

याला अपवाद आहेत. ईमेलवर फाइल पाठवून छापण्याची सोय इंटरनेटवर चालते. गुगलची क्लाउड प्रिंट सेवा तशीच होती, ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. मासिक वर्गणीवर शाई देणाऱ्या काही योजनांत प्रिंटर इंटरनेटला जोडलेला ठेवण्याची अटच असते. घेताना ती अट वाचून घ्या.

तेव्हा इंटरनेट आहे का, हे विचारण्याआधी फोन आणि प्रिंटर एकाच जाळ्यात आहेत का, ते पाहायला हवं. इथे आपल्याकडे एक गोची फार होते. कनेक्शनबरोबर कंपनीचा डबा येतो, त्यात वायफाय असतंच. मग रेंज पुरत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणून त्याला जोडतो. आता घरात दोन जाळी झाली. बाहेरच्या खोलीतला प्रिंटर पहिल्या जाळ्यात आणि आतल्या खोलीतला लॅपटॉप दुसऱ्या जाळ्यात. दोन्हीकडे नेट झकास चालतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

ओळखायचं कसं? फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी अ‍ॅड्रेस बघा आणि प्रिंटरचाही बघा. घरगुती राउटरवर सहसा पहिले तीन आकडे जुळायला हवेत. फोनचा १९२.१६८.१.७ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२३ असेल तर दोघे एका जाळ्यात आहेत. प्रिंटरचा १९२.१६८.०.२३ दिसला तर तो शेजारच्या जाळ्यात बसलाय. दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकलं की दोन्हींचं मिळून एकच जाळं होतं. आणि प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. जोडणी नव्याने करावी लागेल.

'गेस्ट' नावाचं वायफाय हीदेखील अशीच वेगळी खोली. पाहुण्यांच्या फोनला घरातली उपकरणं दिसू नयेत यासाठीच ते असतं, त्यामुळे प्रिंटर त्यावर टाकला तर तो घरातल्यांनाही दिसत नाही. पुण्यातल्या हॉस्टेलांत आणि पीजीत राहणाऱ्या मुलांचा प्रिंटर तिथल्या सामायिक वायफायवर सापडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. घरून काम करणाऱ्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असला तरी घरचा प्रिंटर दिसेनासा होऊ शकतो. क्षणभर व्हीपीएन बंद करून पाहा, कारण लगेच कळेल.

"आमचं फाइव्ह-जी वायफाय आहे, मग प्रिंटर जोडला जायलाच हवा"

राउटरच्या नावापुढे '५जी' दिसतं, त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. राउटरवरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झची लहर. एकच राउटर दोन लहरींवर बोलतो, २.४ आणि ५. घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळांना मात्र फक्त २.४ कळते. अशा प्रिंटरच्या यादीत तुमचं ५जी नाव दिसणारच नाही, मग पासवर्ड कितीही वेळा टाका.

यावर लोक म्हणतात, म्हणजे प्रिंटर जुनाट झाला. तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते, ५ ची सहा सेंटिमीटरच्या आसपास. २.४ ची लहर भिंतींतून जास्त चांगली पार जाते, आणि आपली घरं तर विटा-सिमेंटची. वेगाचं म्हणाल तर प्रिंटरला तो फारसा लागतच नाही. फॉर्मचं एखादं पान पोचायला क्षण पुरतो, वेळ जातो तो शाईचं डोकं कागदावरून मागेपुढे फिरण्यात. प्रिंटर २.४ वर आणि फोन ५ वर असला तरी, दोन्ही नावं एकाच राउटरची असतील आणि गेस्टची नसतील, तर सहसा प्रिंट बिनबोभाट निघते.

एक खबरदारी घ्या: मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. स्वयंपाकघराला लागून प्रिंटर ठेवला असेल आणि दूध गरम करताना प्रिंट अडकत असेल, तर जागा बदलून पाहा.

"अ‍ॅपने जोडताना मधेच तुटतं, म्हणजे प्रिंटरच खराब"

नवा प्रिंटर जोडताना फोन थोडा वेळ प्रिंटरच्या स्वतःच्या छोट्या वायफायला जोडला जातो आणि तिथून त्याला घरचं नाव-पासवर्ड देतो. त्या छोट्या वायफायवर इंटरनेट नसतं. हल्लीच्या फोनना हे खपत नाही. 'इंटरनेट नाही' म्हणत ते मोबाइल डेटावर उडी मारतात आणि जोडणी अर्ध्यावर तुटते. म्हणून तेवढी पाच मिनिटं मोबाइल डेटा बंद ठेवा आणि 'तरीही जोडलेलं ठेवायचं का' असं फोनने विचारलं तर 'हो' म्हणा.

अ‍ॅप लोकेशन मागतं तेव्हा पुष्कळ जण घाबरून नाही म्हणतात. भीती रास्त आहे, पण कारण समजून घ्या. अँड्रॉइडच्या बऱ्याच आवृत्त्यांत आजूबाजूची वायफाय नावं शोधायची तर लोकेशनची परवानगी लागतेच. जोडणी झाली की ती काढून घ्या. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क'ची वेगळी परवानगी आली. ती घाईत नाकारली असेल तर कंपनीच्या अ‍ॅपला प्रिंटर कधीच सापडत नाही.

प्रिंटरची जोडणीची अवस्थाही कायम चालू राहत नाही. काही कंपन्यांच्या प्रिंटरांत ती दोन तासांनी आपोआप बंद होते. सकाळी खोकं उघडून रात्री जोडायला बसलात आणि काहीच दिसेना, तर माहितीपुस्तिकेत सांगितलेलं वायफायचं बटण दाबून ती पुन्हा सुरू करा.

"ऑफलाइन म्हणजे बिघाड"

ऑफलाइन या शब्दाने जितकी माणसं घाबरतात तितकी शाई संपल्यानेही घाबरत नसतील. त्याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरने ज्या पत्त्यावर हाक मारली तिथून ओ आली नाही.

राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो तो मुदतीच्या भाडेकरारावर. लाइट जाऊन आली की राउटर, फोन, टीव्ही, प्रिंटर सगळे एकदम जागे होतात आणि पत्ते नव्याने वाटले जाऊ शकतात. काल २३ क्रमांकावर असलेला प्रिंटर आज ३१ वर गेला, पण कॉम्प्युटर मात्र २३ चंच दार ठोठावतोय. पावसाळ्यात, दिवसातून तीनदा लाइट जाते तेव्हा हे हमखास होतं.

यावर कायमचा इलाज आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. तिथे प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेला १२ अक्षरांचा ओळखक्रमांक, आणि त्याच्यासाठी ठरवलेला पत्ता लिहून ठेवा. मग लाइट कितीदाही गेली तरी त्या प्रिंटरला तोच पत्ता मिळतो. त्यानंतर कॉम्प्युटरवरचा जुना प्रिंटर काढून त्याच पत्त्याने पुन्हा जोडा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर या लेखातला सगळ्यात उपयोगाचा उपाय हाच.

"घरी ब्रॉडबँड नाही, म्हणून वायफाय प्रिंटर घेऊन उपयोग नाही"

गावाकडे हे फार ऐकतो, आणि त्यापायी लोक एका झेरॉक्ससाठी तालुक्याला खेपा घालतात. बहुतेक वायफाय प्रिंटरांत 'वायफाय डायरेक्ट' असतं. फोनच्या वायफाय यादीत 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारं नाव दिसतं, ते प्रिंटरचं. त्याला थेट जोडा आणि प्रिंट द्या. राउटरचं कामच नाही. वर सांगितलेल्या हॉस्टेलातल्या मुलांनाही हाच मार्ग आहे.

दुसरी सोय फोनच्या हॉटस्पॉटची. लॅपटॉप आणि प्रिंटर दोघांनाही त्याच हॉटस्पॉटवर घ्या. छपाईचा मजकूर दोघांमध्येच फिरतो, त्यासाठी डेटा पॅक खर्च होत नाही. फक्त हॉटस्पॉट २.४ वर आहे ना ते पाहा. आयफोन १२ पासून पुढे त्यासाठी 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' ही खूण चालू करावी लागते.

"सीडी हरवली, ड्रायव्हर मिळत नाही"

फोनपुरती ही चिंता आता जवळपास मिटली आहे. अ‍ॅपलने एअरप्रिंट नोव्हेंबर २०१० मध्ये आणलं. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, छपाईची सोय मुळातच आहे. अशा सोयींशी जुळणारा प्रिंटर त्याच जाळ्यात असेल तर अ‍ॅप न घेताही फोनला तो सापडतो.

"प्रिंटर काय, त्यात चोरण्यासारखं काय असतं?"

आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, रुग्णालयाचे रिपोर्ट: आपण घरी छापतो आणि स्कॅन करतो ते हेच कागद. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने जगभरातल्या प्रिंटरांवर एका यूट्यूब चॅनलच्या प्रचाराची पानं छापून दाखवली. सुमारे ५० हजार प्रिंटर गाठल्याचा त्याचा दावा होता. ते प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडे पडलेले होते. म्हणून बाहेरून छापता यावं यासाठी राउटरमध्ये प्रिंटरचा पोर्ट उघडून द्यायला कोणी सांगितलं तर साफ नकार द्या, आणि प्रिंटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला.

राउटरवरच्या डब्ल्यूपीएस बटणाबद्दलही नीट सांगायला हवं. राउटरचं बटण दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं बटण दाबलं की पासवर्ड न टाकता जोडणी होते, आणि ही पद्धत वापरायला हरकत नाही. घात आहे तो डब्ल्यूपीएसच्या आठ आकडी पिनमध्ये. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत तो फुटतो. हे २०११ च्या अखेरीस उघड झालं. राउटरमध्ये पिनची सोय बंद करून ठेवा. तुमचा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षेवर असेल तर हे बटण चालणार नाही, आणि जुना प्रिंटरही जोडला जाणार नाही. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा.

आता एक विनंती. तुमचा प्रिंटर आज नीट चालत असेल, तर आजच त्याचं नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. पडदा असलेल्या प्रिंटरवर सेटिंगमध्ये त्याचा पर्याय असतो, नसलेल्यावर माहितीपुस्तिकेतलं बटण दाबून धरावं लागतं. त्या पानावर वायफायचं नाव, आयपी अ‍ॅड्रेस आणि मॅक अ‍ॅड्रेस असतो. ते घडी घालून प्रिंटरच्या मागे चिकटवून ठेवा. काकूंच्या प्रिंटरमागे मी ते त्याच संध्याकाळी चिकटवलंय. पुढच्या वेळी कोणी 'कार्ड गेलंय' म्हणालं, तर आधी ते पान उघडून फोनवरच्या आकड्यांशी ताडून बघा.